एका बाहीचा झगा

मी एक झगा बोलतोय. बाप्तिस्म्याचा. पांढरा, सुती, गळ्याशी बोटभर लेस, आणि लांबी अशी की मला घातलेल्या बाळाचे पाय नेमके कुठं संपतात ते बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये. माझं काम फार नसतं. तासभर एखाद्या रडक्या जिवाला अंगभर झाकायचं, त्याच्या डोक्यावरून ओघळलेलं पाणी टिपून घ्यायचं, फोटो निघेपर्यंत चुरगळायचं नाही, आणि पुन्हा घडीत जाऊन बसायचं.

तुम्ही म्हणाल, तासाभराच्या नोकरीवाल्याचं कसलं आलंय आत्मवृत्त. खरं आहे. पण ही नोकरी लागण्याआधी मी कित्येक वर्षं घरी बसून काढली आहेत, आणि तीही एका बाहीनं. त्या दिवसांचंच मला सांगायचंय.

मला शिवलं एका बाईनं. रस्त्याच्या कडेला दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत तिचं पायमशीन, पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. गल्लीतली पोरं त्यांना भिंगकाका म्हणायची, म्हणून मोठी माणसंही तेच म्हणू लागली, आणि मीही तेच म्हणतो. तिला मात्र मी नुसतं बाई म्हणतो आणि अहोजाहो करत नाही. जिनं मांडीवर घेऊन आपल्याला शिवलं, दातांनी दोरा तोडताना जिचा श्वास आपल्याला लागला, तिला अहो म्हणायला माझी जीभ वळत नाही. आई म्हणालो असतो, पण तो मान दुसऱ्या कुणाचा होता.

घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं, भिंगकाकांची थोरली बहीण. बोलायला फटकळ. समोरच्याला काय वाटेल याचा विचार त्या बोलून झाल्यावर करायच्या, तोही सवड मिळाली तर. पण बाईला दिवस गेल्याचं कळलं, त्या दिवसापासून त्यांनी तिला पाण्याची बादली उचलू दिली नाही.

लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती. सगळ्यांनी आशा सोडली होती, असं वन्संच म्हणायच्या. आणि अशात बाईनं एके सकाळी कपाटातून स्वतःचा लग्नातला पांढरा पोशाख काढला, टेबलावर पसरला आणि कात्री हातात घेतली.

"अगं, लग्नाचा पोशाख फाडतेस?"

"फाडत नाही वन्सं, कापतेय. नाहीतरी पडून पडून पिवळाच पडणार. हे कापड एकदा चर्चमध्ये जाऊन आलंय, त्याला वाट ठाऊक आहे."

मी जन्मलो तो असा. बाईनं माझ्यावर फार जीव लावला. शिवणी सगळ्या आतून दुहेरी, बाळाच्या अंगाला टोचू नयेत म्हणून. बाह्या छोट्या छोट्या, हाताच्या अंगठ्यावर चढतील एवढ्या. गळ्याच्या लेसला तिनं हातानं टाके घातले आणि ते घालताना ती एक उपासनेचं गीत गुणगुणायची, सूर सोडून.

लहान मुलांचे कपडे शिवताना बाईची एक खोड होती. ती खालच्या कडेला चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची. पोर वाढलं की टाके उसवायचे, कपडा लांब. गल्लीतल्या आया तिच्याकडे यायच्या त्या याच खोडीसाठी. पण बाप्तिस्म्याचा झगा एकदाच घालायचा असतो. त्याला कशाला हवी वाढ? तरीही माझी कड शिवताना बाईनं चार बोटं कापड आत घेतलं.

वन्सं हसून हसून बेजार झाल्या. "हा झगा घालून काय शाळेत जाणार आहे तो?"

बाई ओशाळली. दुमड मात्र तशीच ठेवली. "हात ऐकत नाही हो," ती म्हणाली.

मग ती इस्पितळात गेली. मी मागच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर इस्त्री होऊन टांगलेला. वाट बघणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझ्या आत हवा होती नुसती. वारा आला की मी फुगायचो आणि मला वाटायचं, आता असंच कुणीतरी आत येणार.

बाळ आलं. मुलगा होता. पण श्वास घेऊन आला नाही.

हे मला भिंगकाकांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते एकटेच घरी आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, मला न्यायला आलेत. त्यांनी माझ्या खालच्या कडेला हात लावला, दोन बोटांत धरून बराच वेळ राहिले, आणि मग सोडून दिली. कपाटातून स्वतःचा ठेवणीतला पांढरा शर्ट काढला आणि तो घेऊन निघून गेले. त्या शर्टात गुंडाळून त्यांनी आपल्या मुलाला मातीत ठेवलं.

मला ते फार लागलं. मातीत तर मातीत, मी त्याच्याबरोबर गेलो असतो. कुणाच्या तरी मापानं शिवलेल्या कपड्याला दुसरं हवं तरी काय असतं?

बाई घरी आली आणि तिनं पहिल्यांदा खुर्चीकडे बघितलं.

"झगा का नाही घातलात त्याला?"

भिंगकाका दाराकडे निघाले.

"मी विचारतेय. मी त्याच्यासाठी शिवला होता. एवढं एक तरी अंगाला लागलं असतं त्याच्या. का नाही नेलात?"

ते दारात उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि दुकानात निघून गेले. बाईनं त्या दिवशी ठरवून टाकलं की या माणसाला काही वाटलेलं नाही. गप्प माणसांचं हे असं होतं. त्यांच्या गप्प बसण्यात ज्याला जे हवं ते ऐकू येतं.

चर्चचे पाळक भेटायला आले. म्हातारे होते, भले होते. वन्सं त्यांच्यापुढे म्हणाल्या, "देवाची इच्छा, दुसरं काय." बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती तशीच म्हणाली, "त्याची हीच इच्छा होती तर माझी कशाला जागवली? मी मागायचं सोडून दिलं होतं." पाळकांनी यावर काही शिकवलं नाही. बसून राहिले, प्रार्थना केली आणि गेले. त्यानंतर बाई चर्चमध्ये गेली नाही.

काही आठवड्यांनी तिनं मला खुर्चीवरून ओढलं. हातात ब्लेड होतं. तिचा बेत मला बोटांच्या धरण्यावरूनच कळला. मला टाका टाका उसवून पुन्हा नुसतं कापड करायचं होतं तिला. खांद्यापासून सुरुवात केली. डाव्या बाहीचे टाके एकेक करून सुटत गेले. दुखलं का, म्हणाल तर नाही. पण ज्या हातांनी एवढ्या निगुतीनं जोडलं, त्याच हातांनी तोडावं, याचं नवल वाटत राहिलं.

डावी बाही सुटून खाली पडली. आणि मग बाईचं लक्ष माझ्या खालच्या दुमडीकडे गेलं. ब्लेड तिथं नेलं आणि हात थांबला. तिनं मला गोळा केलं, पत्र्याच्या पेटीत कोंबलं आणि झाकण लावलं. थोड्या वेळानं बाहेर वन्संचा झाडू फिरताना ऐकू आला. जमिनीवरच्या चिंध्या, दोरे, कतरणं आणि माझी बाही. मी समजलो की गेली.

"ही पेटी माझ्या खोलीत नको," बाई म्हणाली.

टाकून द्यायचं कुणाच्या जिवावर आलं, ठाऊक नाही. पण पेटी पुढच्या खोलीत गेली, भिंतीला लागली, तिच्यावर एक गादी पडली आणि भिंगकाकांच्या गिऱ्हाइकांना बसायला जागा झाली. बाप्तिस्म्याच्या पवित्र झग्यावर अख्खी गल्ली येऊन बूड टेकू लागली. पेटीत बसून मी माणसं वजनावरून ओळखायला शिकलो.

आता भिंगकाकांची काम करायची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इतर ठिकाणी भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. भिंगकाकांकडे तक्ता नव्हता. ते गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा बदलता येणारी लोखंडी चौकट ठेवायचे आणि हातात आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, द्यायचे. जुनं, बारीक छपाईचं. "वाचा," म्हणायचे. गिऱ्हाईक अडखळत वाचू लागायचं, काका काच बदलायचे, पुन्हा वाचायचं, पुन्हा काच. आणि अक्षर लख्ख दिसलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "हां, आलं आलं!" आणि वाचणं तिथंच बंद. पुढं फ्रेम कुठली, दांड्या कसल्या, तयार कधी मिळेल.

त्यामुळे मला सगळ्या गोष्टी अर्ध्या येतात. वादळात होडी बुडायला लागली इथपर्यंत मला पाठ आहे; ती वाचली का, हे कुणी सांगितलं नाही. धाकटा मुलगा बापाचं सगळं उधळून डुकरांच्या मागं फिरू लागला, तिथं वाचणाऱ्या एका गवंड्याला स्पष्ट दिसायला लागलं. तो पोरगा कित्येक वर्षं माझ्या लेखी डुकरांतच होता.

पण त्या पुस्तकाची पाठ एका जागी मोडली होती. उघडलं की बहुतेक वेळा तेच पान यायचं. त्यामुळे एक गोष्ट मी शेकडो तोंडांतून ऐकली. प्रभूला वधस्तंभावरून उतरवून थडग्यात ठेवलेलं असतं. पहाटे एक बाई तिथं येते, तर दगड सरकलेला. शिष्य पळत येऊन वाकून बघतात. आत कुणी नाही. अंगाभोवती गुंडाळलेली कापडं तेवढी पडलेली. शिष्य घरी निघून जातात. त्याला कुणीतरी पळवून नेलं असं समजून ती बाई बाहेर रडत उभी राहते.

पान तिथं संपायचं. आणि पान उलटणारं गिऱ्हाईक कधी आलं नाही.

ही गोष्ट मला कशी झोंबायची ते तुम्हाला सांगू शकत नाही. रिकामं कापड आणि रडणारी बाई. हे तर आमच्याच घरचं होतं. मला वाटायचं, माणसांनी एवढं जपून ठेवलेलं पुस्तक, त्यातही शेवटी हेच? मी पेटीत एका बाहीनं पडून असायचो आणि त्या थडग्यातल्या कापडांचा विचार करायचो. त्यांचं पुढं काय केलं असेल? त्यांनाही कुणी पेटीत कोंबलं असेल का?

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी भिंगकाका माझ्यावर, म्हणजे पेटीवर, येऊन बसायचे. "प्रभो," म्हणायचे. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. त्यांनाही पुढचं वाक्य येत नसावं. मग उठून फळ्या काढायचे. रविवारी एकटे चर्चमध्ये जायचे आणि परत येऊन मागच्या दाराशी उभं राहून म्हणायचे, "पाळकांनी तुझी आठवण काढली." आतून मशीनचा आवाज वाढायचा. रविवारइतकं जोरात ते मशीन एरवी कधी चालत नसे.

मला काय हवं होतं, सांगू? उपयोगी पडावं वगैरे मोठं काही नाही. मला तो हवा होता. ज्याच्या मापाचा मी होतो तो. त्याचा हात त्या बाहीतून बाहेर येताना कसा अडकला असता, त्याची मूठ उघडावी म्हणून बाईनं कशी फुंकर घातली असती, हे मी इतक्या वेळा मनाशी घडवलं की ते कधी घडलं नाही याचीच मला स्वतःला आठवण करून द्यावी लागायची.

अशीच वर्षं गेली. मग बाईचे डोळे बिघडले.

तिनं ते मान्य केलं नाही. आधी दिव्याला नावं ठेवली, मग सुईला, मग दोऱ्याला. वन्सं दोरा ओवून देऊ लागल्या आणि ओवताना बोलू लागल्या. "चष्मेवाल्याची बायको आंधळी होऊन बसलीये. लोक म्हणतील, दुकानात काचा खऱ्या आहेत ना?" तरी बाई दुकानात येईना. शेवटी तिनं भट्टीवाल्याच्या सुनेचा झंपर शिवला तो एक बाही उलटी लावून. पावाच्या भट्टीवर राबणारी ती साधी पोर, सातवा महिना लागलेला. ती झंपर घेऊन आली आणि काही बोलायच्या ऐवजी हसूच लागली. बाईनं झंपर हातात घेतला आणि बाही चाचपून बघितली.

त्या दुपारी ती पुढच्या खोलीत आली आणि पेटीवर बसली. इतक्या वर्षांनी. मी तिला वजनावरून ओळखलं नाही. ती फार हलकी झाली होती.

भिंगकाकांनी चौकट तिच्या नाकावर ठेवली. काचा एकमेकींवर वाजल्या.

"वाच."

"दुसरं काही नाही का वाचायला?"

"माझ्याकडे हेच आहे."

पुस्तक उघडलं. कुठलं पान आलं असेल, ते मला न बघता ठाऊक होतं.

बाई वाचू लागली. आवाज कोरडा, बिल वाचल्यासारखा. दगड सरकलेला. काच बदलली. शिष्य धावले. काच बदलली. आणि मग आवाज जरा सुटा झाला. अक्षर दिसू लागलं असणार.

"बास," भिंगकाका म्हणाले. "दिसतंय ना आता?"

बाई थांबली नाही. पुढचं वाचलं आणि मग तिथंच घुटमळली. पुन्हा मागं जाऊन वाचलं.

"हे नीट छापलंय का?"

"का?"

"डोक्याचं फडकं वेगळं घडी करून ठेवलेलं होतं, असं लिहिलंय."

"तसंच आहे."

"मग त्याला कुणी पळवून नेलेलं नाही," बाई म्हणाली. मशीनवर बसलेली असताना कापडाबद्दल बोलायची, तो तिचा आवाज होता. "नेणारा कापडासकट उचलेल. घाईत असेल तर ओढून फेकेल. घडी कोण घालतो? ज्याला घाई नाही तो. ज्याला ठाऊक आहे की आता हे आपल्याला लागणार नाही."

पेटीच्या आत माझं काय झालं असेल, विचार करा. इतकी वर्षं ते घडीचं वाक्य ऐकूनही मी त्या कापडांना माझ्यासारखं समजत होतो, टाकून दिलेलं, कुणाच्या कामी न आलेलं. आणि ती तर खूण म्हणून ठेवलेली होती. रिकामी होती, तीच मुळी चांगली बातमी होती.

बाई वाचत राहिली. ती रडणारी बाई आली. पान संपलं. मी श्वास धरला, म्हणजे झग्याला जमेल तेवढा. आणि बाईनं पान उलटलं.

मागं कुणीतरी उभं असतं. तिला वाटतं, बागेचा माळी आहे. डोळ्यांत पाणी असल्यावर कोण कसं दिसणार? ती त्याच्याशी भांडायलाच निघते. त्याला कुठं ठेवलंत ते सांगा, मी घेऊन जाते. आणि तो तिला काही समजावत बसत नाही. तिच्या नावानं हाक मारतो. तेवढ्यावर ती ओळखते, हा तर प्रभूच, थडग्यातून उठलेला.

बाईचा आवाज तिथं फुटला. पुस्तक मांडीवर पडलं.

"आपल्याला त्याला हाकसुद्धा मारता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "नाव कुठं ठेवलं होतं आपण त्याचं."

"ठेवलं होतं."

"कुणी?"

"मी. मातीपाशी. पाळकांनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करू. मग नावाशिवाय कशी करणार?"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"रोज सकाळी सांगायचं ठरवतो. इथंच बसून." भिंगकाकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "प्रभो म्हणतो आणि पुढं काही येत नाही."

ते तिच्या शेजारी पेटीवर बसले आणि त्यांनी तिला ते नाव सांगितलं. पत्र्याच्या झाकणातून मला ऐकू आलं नाही. बरंच झालं. ते त्यांचं होतं. मला ऐकू आलं ते बाईचं रडणं, आणि ते त्या पहिल्या रडण्यासारखं नव्हतं. पहिल्यांदा ती भिंतीकडे तोंड करून रडली होती.

मग तिनं तो जुना प्रश्न पुन्हा विचारला, पण आता भांडून नाही. "झगा का नेला नाहीत?"

"नेणारच होतो. हातात घेतला. खाली चार बोटं दुमड लागली हाताला. एवढी वाढ ठेवून शिवलेला कपडा मी मातीत कसा घालू? मला वाटलं, शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, तो उठेल, तेव्हा लागेल. वेडेपणा होता. म्हणून तुला सांगितलं नाही."

भिंगकाका उठले आणि काउंटरचा खण उघडला. त्यात भिंगं पुसायची मऊ फडकी असायची. सगळ्यांत खालून त्यांनी काहीतरी काढलं.

"ताईच्या झाडूपुढून उचलली होती," ते म्हणाले. "हिनं मी काच कधी पुसली नाही."

झाकण उघडलं. उजेड आला. बाईनं मला बाहेर काढलं, झटकलं आणि माझ्या उघड्या खांद्याशी माझी बाही धरून बघितली. खणात राहून ती माझ्याहून थोडी जास्त पांढरी राहिली होती. जुळत नव्हती नीट. मी म्हातारा आणि बाही तरुण. पण माझीच होती.

चष्मा तयार व्हायला दोन दिवस लागणार होते. बाईनं दम धरला नाही. ती लोखंडी चौकट तशीच नाकावर ठेवून मशीनवर बसली आणि वन्सं दारात येऊन म्हणाल्या, "अगं बाई, मशीनवर हा पाणबुड्या कुणी आणून..." आणि मग त्यांना मी दिसलो. वन्सं आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडून आत आल्या आणि दिवा जवळ धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. बाईला मूल झालं नाही. पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये गेली ती मागच्या बाकावर, दाराजवळ, उठून जाता यावं म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारी तर गेलीच नाही. पण मशीनही चाललं नाही. मग पुन्हा गेली. सकाळी पेटीवर आता दोघं बसायची, आणि "प्रभो"च्या पुढं हळूहळू वाक्यं येऊ लागली. कधी तक्रारीची असायची. बाई देवाशीही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायची, तोंडावर.

भट्टीवाल्याच्या सुनेला मुलगी झाली. वेळेआधी आली, मूठभर. काही आठवड्यांनी ती धडपणे श्वास घ्यायला लागली तेव्हा घरच्यांनी बाप्तिस्म्याचं ठरवलं, आणि तिला बसेल असा कपडाच कुणाकडे नव्हता.

बाईनं मला धुतलं, इस्त्री केली आणि स्वतः भट्टीवर घेऊन गेली. "घाला हिला," म्हणाली. हात मागं घेताना मात्र तिला वेळ लागला. मी तिच्या बोटांत जरा अडकून राहिलो. मलाही जायचं होतं आणि नव्हतंही. मी दुसऱ्या कुणाचा होतो ना.

पण पाळकांच्या हातातलं पाणी त्या पोरीच्या डोक्यावरून ओघळून माझ्या गळ्याशी आलं आणि ती अशी काही किंचाळली की अख्खं चर्च हसलं. तिची छाती माझ्या आतून वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. आतून कुणी श्वास घेतलेला मला ठाऊकच नव्हता. मी मागच्या बाकाकडे बघितलं. बाई दाराजवळ नव्हती. पुढं येऊन बसली होती, चष्मा लावून, आणि डोळे पुसायला तिनं तो काढलासुद्धा नाही.

तेव्हापासून चर्चमधलं प्रत्येक बाळ मला घालूनच पाण्यापाशी जातं. भट्टीवाल्याची ती नात आता स्वतः आई झाली आहे आणि तिच्या लेकालाही मीच घातला गेलो. लेस दोनदा बदलली. बाह्यांचा रंग आता एकच झाला आहे. कुठली सुटून आली होती, ते मलाही शोधावं लागतं. वन्सं गेल्या. भिंगकाकाही गेले, आणि त्यांना त्यांच्या मुलाशेजारीच जागा मिळाली. बाई आहे. दुकान बंद आहे, पेटी आहे, आणि सकाळी ती पेटीवर एकटी बसते. तिला ऐकू कमी येतं, पण वाचता येतं. पान संपलं की ती उलटते.

आणि मला तो अजून हवा आहे. इतक्या बाळांनी मला आतून ऊब दिली, तरी हे गेलेलं नाही. बाईचंही गेलेलं नाही. तिच्या बोटांवरून मला कळतं. फरक एवढाच की पूर्वी आम्ही त्याच्यासाठी झुरायचो, आता वाट बघतो.

मागं एक बाळ आलं होतं, चांगलं बाळसं धरलेलं, आठ महिन्यांचं. त्याचे पाय माझ्या खाली दिसू लागले. त्याची आजी म्हणाली, "मावशी, खाली एवढं कापड दुमडलेलं आहे की. उसवून द्या ना, आरामात पुरेल."

बाईनं मला हातात घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. "पाय दिसू देत," ती म्हणाली. "छान पाय आहेत. तेवढी वाढ मात्र राहू दे, ती दुसऱ्याची आहे."

म्हणून माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात बाळ येईल तेव्हा मला खुशाल न्या. दूध सांडलं तरी चालेल, मी धुतला जातो. बाई नसेल तेव्हा कुणी दुसरी शिवणारी मला दुरुस्त करील, तिनं लेस बदलावी, बटणं बदलावीत, हवं तर ही जुनी बाहीसुद्धा बदलावी. फक्त खालच्या कडेची ती चार बोटं दुमड उसवू नका. एक मुलगा आहे. त्याला त्याच्या नावानं हाक येईल, तो उठेल, आणि तोवर तो वाढलेला असेल.